दीड मीटरवर फोडलेलं सरोवर: अव्होका बीचवरच्या एका चराचा प्रकरण अभ्यास

सिडनीहून उत्तरेला गाडीने दीड तास गेलं की सेंट्रल कोस्टचा किनारा लागतो. तिथे समुद्राला लागून चार छोटी सरोवरं एका ओळीत आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे वॉम्बरल, टेरिगल, अव्होका आणि कॉक्रोन. भूगोलाच्या पुस्तकात अशा पाण्याला आपण खाजण म्हणतो. मागे डोंगरातून येणारे ओढे, मध्ये उथळ पाणी, पुढे वाळूचा बांध आणि बांधापलीकडे लाटा. बहुतेक काळ बांध बंद असतो. जोराचा पाऊस झाला की पाणी चढतं, बांध फुटतो, सरोवर काही तासांत समुद्रात रिकामं होतं. पुढे लाटा वाळू आणून मुख पुन्हा बुजवतात. कधी उघडी, कधी बंद अशी सत्तरच्या आसपास सरोवरं न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर आहेत.

या अभ्यासासाठी आपण अव्होकाचं सरोवर घेतलं आहे. क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरच्या आतच, त्यात ओढ्यांतून पाणी येतं ते साधारण अकरा चौरस किलोमीटर जमिनीवरचं. सरोवराच्या मध्ये एक बेट आहे, भोवती घरं आहेत, आणि मुख उघडतं ते अव्होका आणि नॉर्थ अव्होका या दोन किनाऱ्यांच्या मधोमध. पाणी कधी सोडायचं याची एक पातळी स्थानिक कौन्सिलने ठरवली आहे. अव्होकासाठी ती २.०९ मीटर, वॉम्बरलसाठी २.४, कॉक्रोनसाठी २.५३ आणि टेरिगलसाठी १.२३. हे मीटर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय उंचीमापनावर मोजलेले आहेत. त्यात शून्य म्हणजे ढोबळमानाने सरासरी समुद्रपातळी. इथल्या उधाणाच्या मोठ्या भरतीचं पाणी त्या मापात एक मीटरच्या आसपास येतं. सरोवर समुद्रापेक्षा किती उंचावर आहे यावर पुढचं गणित उभं आहे, म्हणून हे दोन आकडे आत्ताच लक्षात ठेवलेले बरे: सरोवर २.०९, भरती १.०.

प्रश्न असा आहे की २.०९ ची वाट न पाहता माणसं फावडी घेऊन येतात आणि बांधात चर खणतात. कारणं चार प्रकारची असतात. पहिलं, मजा. पाणी सुटलं की चरात उभ्या लाटा तयार होतात आणि त्यांवर फळी घेऊन खेळता येतं. दुसरं, मासे आणि कोळंबी: मुख उघडलं की कोळंबी बाहेर पडते आणि जाळं लावून बसता येतं. तिसरं, अंगण. सरोवराचं पाणी कुंपणाला लागलं की सखल भागातल्या माणसाचा जीव खालीवर होतो, आणि ते समजण्यासारखं आहे. चौथं कारण सर्वांत चांगल्या मनाचं आणि सर्वांत चुकीचं आहे: पाण्याला वास येतोय, तुंबलंय, एकदा वाहून गेलं की स्वच्छ होईल.

खाली आपण असा एक प्रसंग पहिल्या फावड्यापासून पुढच्या काही आठवड्यांपर्यंत तपासतो. तो अमुक तारखेला घडलेला नाही. अव्होकाच्या मापाचं सरोवर धरून, पाणी १.५ मीटरवर असताना पाच माणसांनी चर खणला तर काय होतं, याचा हिशोब आहे. प्रवाहाचे आकडे रुंद माथ्याच्या सांडव्याचं नेहमीचं सूत्र वापरून काढले आहेत: रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात, गुणिले १.७.

बांधाकडे आधी नीट बघू

लांबून बांध म्हणजे किनाऱ्याचाच सपाट तुकडा वाटतो. तो लाटांनी रचलेला असतो. प्रत्येक लाट उतारावर चढताना वाळू वर आणते. वर गेलेल्या पाण्यातलं थोडं वाळूत मुरतं, त्यामुळे परत येणारं पाणी कमी आणि अशक्त असतं, आणि आणलेली सगळी वाळू ते परत नेऊ शकत नाही. असं रोज हजारो वेळा होतं. लाटेची जीभ जिथवर पोहोचते तिथवर बांध चढतो, म्हणून त्याचा माथा भरतीच्या पातळीपेक्षा बराच वर, दोन-तीन मीटरवर असू शकतो. समुद्राकडचा उतार तीव्र, दहाला एक किंवा त्याहून जास्त. सरोवराकडचा इतका सौम्य की पाय ओले झाल्यावरच पाणी सुरू झाल्याचं कळतं.

समजा बांधाचा सर्वांत सखल माथा १.९ मीटरवर आहे आणि सरोवर १.५ वर. पाणी वाहतं करायला चराचा तळ १.५ च्या खाली न्यावा लागतो. तळ १.३५ वर धरला तर माथ्याशी चर ५५ सेंटिमीटर खोल होतो. सरोवराच्या काठापासून समुद्राकडच्या उतारापर्यंत लांबी सुमारे ३५ मीटर, रुंदी दोन फूट. कागदावर हे सात-साडेसात घनमीटर होतं. पण ओल्या वाळूच्या कडा उभ्या राहत नाहीत. त्या ढासळतात, आणि तीच वाळू दुसऱ्यांदा काढावी लागते. प्रत्यक्षात १३ घनमीटर धरा, म्हणजे जवळजवळ २५ टन. एक धडधाकट माणूस ओल्या वाळूत तासाला एक घनमीटर उपसतो. पाच माणसं, अडीच-तीन तास. दुपारी जेवून सुरुवात केली की पाचच्या सुमाराला पाणी सुटतं. इतक्या थोड्या कष्टात हे होतं, म्हणूनच ते वारंवार होतं.

अर्थात बरेच चर फसतातही. चढत्या भरतीत खणलं तर लाटेची जीभ चरात शिरते आणि तासाभराचं काम एका लाटेत बुजतं. तळ सरोवराकडून समुद्राकडे सलग उतरता नसेल, मध्ये कुठे चार बोटं उंचवटा राहिला, तर पाणी तिथेच थबकून वाळूत मुरतं. असा अर्धवट चर निरुपद्रवी वाटतो, पण तो नसतो. बांधाचा माथा तिथे खाली आलेला असतो, आणि लाटांनी तो भरून काढायच्या आत पाऊस आला तर पाणी तीच जागा धरतं.

पाणी सुटल्यावरचे पहिले तीन तास

पहिल्या क्षणी चरातून येतं ते अगदी थोडं. दोन फूट रुंदी आणि सरोवराची १५ सेंटिमीटर उंची धरली तर सेकंदाला सुमारे ६० लिटर, म्हणजे चार बादल्या. लहान मुलं त्यात पाय बुडवून उभी राहतात. अर्धा तास काहीच होत नाही असं वाटतं.

काम समुद्राकडच्या टोकाला चाललेलं असतं. चराचं पाणी तीव्र उतारावर आलं की वेग घेतं आणि तळाची वाळू उचलतं. तिथे एक पायरी तयार होते, सुरुवातीला घोट्याएवढी. पायरीवरून पडणारं पाणी तिच्या बुडाशी खड्डा करतं, वरची कड आधार गमावून कोसळते, आणि पायरी एक वीतभर सरोवराकडे सरकते. पुन्हा खड्डा, पुन्हा कोसळणं. जवळ उभं राहिलं तर दिसतं: कडेच्या वाळूत आधी केसासारखी एक भेग पडते, चराला समांतर, काठापासून हातभर आत. मग ती ओली होऊन गडद होते, आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत सतरंजीएवढा तुकडा आवाज न करता खाली बसतो. त्या भेगेच्या चराकडच्या बाजूला जो उभा असतो तो त्या तुकड्याबरोबर जातो.

पायरी सरोवरापर्यंत पोहोचली की चित्र बदलतं, कारण आता पाण्याला अडवणारा उंच माथाच उरत नाही. चर सहा मीटर रुंद आणि पाण्याची उंची अर्धा मीटर झाली की प्रवाह सेकंदाला साडेतीन घनमीटरांच्या वर जातो, पहिल्या क्षणाच्या साठपट. आणखी तास-दीड तासाने रुंदी २० मीटर आणि उंची ०.९ धरा: सेकंदाला सुमारे ३० घनमीटर, वेग अडीच मीटर. गुडघाभर पाण्यातही या वेगाला धडधाकट माणसाचा पाय टिकत नाही. तळाची वाळू पायाखालून निघून जाते ती वेगळीच.

उभ्या लाटा दिसतात त्या याच टप्प्यावर. वाळूच्या तळाशी उंचवटे तयार होतात, वरचं पाणी त्यांच्या लयीत वर-खाली होतं, लाट फुगत जाते, फुटते, आणि दोन मिनिटांनी दुसरीकडे पुन्हा उभी राहते. फळीवाले यासाठीच आलेले असतात. लाट सुटली की माणूस थेट समुद्रात फेकला जातो, जिथे बाहेर जाणारा हाच प्रवाह लाटांना भिडलेला असतो. पाणी गढूळ, अंधार पडायला आलेला, प्रवाहात झाडाच्या फांद्या. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची वेळ तोवर संपलेली असते.

आता पाचही जणांनी मिळून चर बुजवायचं ठरवलं तरी ते त्यांच्या हातात नाही. मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजेपर्यंत पातळी १.५ वरून ०.५ वर येते. वाहून गेलेलं पाणी सुमारे साडेसहा लाख घनमीटर, म्हणजे ६५ कोटी लिटर. सकाळी बघणाऱ्याला किनाऱ्याच्या मध्यावर वीस-पंचवीस मीटर रुंदीची घळ दिसते, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या उभ्या कडा. पाण्याने वाट वाकडी करून एखाद्या बाजूच्या टेकाडाकडे धाव घेतली असेल तर वाळू धरून ठेवणाऱ्या वेली आणि गवतही मुळांसकट लोंबत असतं.

गेलं ते आणि राहिलं ते

पावसानंतरच्या सरोवरात पाणी थरांचं असतं. वर ओढ्यांचं गोडं, हलकं पाणी, वाऱ्याने ढवळलेलं, प्राणवायू भरपूर. खाली, विशेषतः खोलगट भागात, मागच्या वेळी समुद्रातून आलेलं खारं आणि जड पाणी. दोन्ही सहज मिसळत नाहीत. खालच्या पाण्याला हवेचा स्पर्श नाही आणि तळाला पालापाचोळा कुजतो आहे, त्यामुळे तिथला प्राणवायू संपत जातो. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो याच तळाच्या काळ्या चिखलातून.

चरातून निघून जातो तो वरचा थर. चराचा तळ उंच असतो आणि पाणी बाहेर पडतं ते वरून. चांगलं पाणी समुद्रात जातं, वाईट पाणी मागे राहतं, आणि आता ते उथळ झाल्यामुळे वाऱ्याने सगळीकडे पसरतं. माशांना साधारणपणे लिटरमागे पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्राणवायू लागतो. चारच्या खाली ते कासावीस होतात, दोनच्या खाली बहुतेक जाती मरतात. व्हिक्टोरिया राज्यात नॅरावॉन्गजवळ सरी नदीच्या मुखाशी जुलै २००५ मध्ये नेमकं हेच झालं. मुख कृत्रिमरीत्या उघडल्यावर वरचा थर निघून गेला, प्राणवायूविना पाणी मागे उरलं आणि लहान मासे मोठ्या संख्येने मेले. संशोधक तिथल्या पाण्याची मोजमापं घेत असल्यामुळे कारण नेमकं सिद्ध झालं. वास घालवायला पाणी सोडणाऱ्याला हे एकच उदाहरण सांगावं, पुरेसं आहे.

दुसरा फटका काठाला बसतो. सरोवराचा काठ पन्नासाला एक अशा उताराचा असेल तर एक मीटर पातळी उतरली की ५० मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो, भोवताली सगळीकडे. त्या पट्ट्यात पाण्याखालचं गवत असतं. काळे राजहंस तेच खातात, कोळंबीची आणि बोय, ब्रीम अशा माशांची पिल्लं त्यातच लपतात. उन्हाळ्याच्या उन्हात ते गवत एक-दोन दिवसांत वाळतं. खोलगट डबक्यांत अडकलेल्या पिल्लांवर बगळे आणि कुरव तुटून पडतात, उरलेली तापलेल्या पाण्यात मरतात. मग ते वाळलेलं गवत कुजतं आणि वास आणखी वाढतो.

नैसर्गिकरीत्या मुख फुटतं तेव्हाही हे काही प्रमाणात होतंच, असा प्रश्न येईल. बरोबर आहे. फरक दोन आहेत. नैसर्गिक फूट पुरात होते, म्हणजे मागून ओढ्यांचं ताजं पाणी येत राहतं आणि खालचा थरही ढवळून निघतो. आणि ती उंच पातळीवरून होते. या दुसऱ्या फरकाचा हिशोब सविस्तर करण्यासारखा आहे.

ताकदीचं गणित

सरोवरात साठलेली ताकद पातळीच्या प्रमाणात वाढत नाही, तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त पाणी आणि ते जास्त उंचावरून पडणारं, दोन्ही एकदम. मुखाचा उंबरठा ०.५ मीटरवर धरू. १.५ वर फोडलं तर उतार मिळतो एक मीटरचा. २.०९ वर फोडलं तर १.५९ मीटरचा. पाणी दीडपटीहून थोडंसं जास्त. ताकद मात्र १.५९ चा वर्ग, म्हणजे अडीचपट.

ही ताकद खर्च होते मुखातली वाळू लांब समुद्रात ढकलण्यात. मागच्या भरत्यांनी आत आणून टाकलेली वाळू, सरोवराच्या तोंडाशी साचलेला तो पांढरा पंखा, तो हलवायला हीच अडीचपट ताकद लागते. १.५ वर फुटलेलं पाणी बांध कापतं, पण पंख्याला हात लावून दमतं. घळ उथळ राहते. आता लाटा कामाला लागतात. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, मुख पुन्हा बंद. मधल्या काळात प्रत्येक भरतीने आणखी वाळू आत ढकललेली असते, म्हणजे पंखा होता त्यापेक्षा मोठा होतो.

आणि खरं नुकसान पुढे आहे. नव्याने बंद झालेला बांध ठेंगणा असतो, सव्वा मीटरच्या आसपास. दोन मीटरवर चढायला त्याला मोठ्या लाटांचे आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात मध्यम पाऊस आला तर सरोवर सव्वा मीटरवरच बांधावरून वाहू लागतं आणि आपोआप फुटतं, आणखी कमी ताकदीने. उतार पाऊण मीटरचा, म्हणजे ताकद पूर्ण पातळीच्या जेमतेम पाव हिस्सा. पुन्हा उथळ घळ, पुन्हा लवकर बंद, पुन्हा ठेंगणा बांध. एका दुपारच्या चराने सरोवराला ही सवय लागते आणि ती मोडायला मोठा पूर यावा लागतो. अंगणाच्या काळजीने चर खणणाऱ्यालाही हे परवडत नाही, कारण त्या मोठ्या पुरात आत साठलेला पंखा पाण्याच्या वाटेत आडवा असतो.

भरवस्तीतल्या सरोवरांवर हा दबाव आधीच आहे. टेरिगलची १.२३ ही पातळी पाहा. मोठ्या भरतीपेक्षा जेमतेम वीतभर वर. तिथे अधिकृतपणे उघडलं तरी उतार थोडाच मिळतो. समुद्राची पातळी वाढत जाईल तसा हा उतार सगळीकडे कमी होणार आहे, कारण भोवतालची घरं जागची हलत नाहीत आणि त्यामुळे पाणी सोडायची पातळीही फार वर नेता येत नाही. असं असताना उरलेला उतार वेळेआधी वाया घालवणं मला तरी सर्वांत जास्त खुपतं.

हेच काम रीतसर होतं तेव्हा

सुरुवात किनाऱ्यावर होत नाही, मापकावर होते. सरोवरातल्या स्वयंचलित मापकाची पातळी, पुढच्या दोन दिवसांचा पाऊस, भरतीचं कोष्टक आणि लाटांची उंची हे चारही एकत्र पाहिलं जातं. पातळी ठरलेल्या आकड्याकडे चढत असेल आणि पाऊस थांबणार नसेल तरच पोकलेन किनाऱ्यावर येतं. काही सरोवरांवर आधीच तयारी ठेवतात. बांध चढत चढत फार उंच झाला की त्याचा माथा एका ठिकाणी ठरलेल्या पातळीपर्यंत उतरवून कोरडी खाच करून ठेवतात, म्हणजे रात्री दोनला पूर आला तरी पाणी आपली वाट आपण धरतं.

चर खणायची दिशा फावडेवाल्यांच्या बरोबर उलट असते. समुद्राकडून सरोवराकडे खणत यायचं आणि सरोवराच्या तोंडाशी काही मीटर वाळूचा अडसर तसाच ठेवायचा. पोकलेनच्या बकेटने दोन-तीन मीटर रुंदीचा, सलग उताराचा चर होतो. उपसलेली वाळू दोन्ही काठांपासून लांब टाकतात, नाहीतर तिच्या वजनाने कडा आणि वाळू दोन्ही चरात येतात. अडसर काढायची वेळ भरतीवरून ठरते: भरतीचा कळस होऊन गेल्यावर तास-दोन तासांनी. म्हणजे चर रुंदावत असताना समुद्र खाली जात राहतो आणि पाण्याला सर्वांत जास्त उतार मिळतो तो ओहोटीला. उधाणाची ओहोटी मिळाली तर उत्तम. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी फार उतरत नाही. समुद्र खवळलेला असेल तर मोठ्या लाटा चर बुजवतात, अशा वेळी पूर नसेल तर थांबणं बरं.

अडसर काढायच्या आधी दोन्ही बाजूंची माणसं हटवलेली असतात, जीवरक्षकांना कळवलेलं असतं, फलक लावलेले असतात. पाणी सुटल्यावर मशीन मागे घेतात. घळीच्या काठाजवळ ते पुन्हा नेत नाहीत, कारण ती केसासारखी भेग वीस टनांच्या मशीनलाही सोडत नाही.

परवानगीचा मुद्दा इथेच येतो. किनाऱ्याची जमीन सरकारी, पाण्याचा तळ मत्स्य कायद्याखाली (फिशरीज मॅनेजमेंट अ‍ॅक्ट, १९९४), आणि वॉम्बरलच्या बाबतीत तर सरोवर राखीव निसर्गक्षेत्रातच. परवानगीशिवाय बांध फोडणं हा दंडनीय गुन्हा आहे. मात्र रात्री फावडं घेऊन आलेल्यांना पकडणं अवघड, हेही तितकंच खरं.

चर दिसला तर

सुट्टीत सिडनीहून इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे उपयोगी पडेल, कारण मुलांच्या हातात खेळण्यातली फावडी असतात आणि पाण्याला वाट करून देण्याचा मोह सगळ्या मुलांना होतो. कोकणात पावसाळ्यानंतर व्हाळाच्या तोंडाशी साचलेल्या वाळूत आपण सगळे तेच खेळलो आहोत. छोट्या व्हाळात जे चालून जातं ते ६५ कोटी लिटरच्या सरोवरात चालत नाही.

चर खणलेला आहे पण पाणी अजून सुटलेलं नाही, अशी वेळ असेल तर कौन्सिलला कळवावं आणि ते येईपर्यंत सरोवराकडच्या टोकापासून बुजवायला सुरुवात करावी. समुद्राकडून बुजवण्याचा उपयोग नाही. मागून पाणी मुरून ती भर आतून ओली होते आणि बसते. सरोवराच्या तोंडाशी किमान दोन-तीन मीटर लांबीची भर, वीतभराच्या थरांत, प्रत्येक थर पायांनी तुडवून, बांधाच्या मूळ उंचीपर्यंत आणावी. उरलेला चर भरला नाही तरी चालतो, येत्या काही भरत्यांत लाटा तो भरतात. चर गुडघ्याहून खोल असेल तर आत उतरू नये आणि मुलांना काठावर बसू देऊ नये. वाळूची कड अंगावर आली तर बाहेर काढायला मिनिटंही अपुरी पडतात.

पाणी वाहू लागलं असेल आणि प्रवाह हातभराहून रुंद असेल तर बुजवायच्या भानगडीत पडू नये. काठापासून दहा मीटर मागे सरावं, मुलांना सरोवराच्या बाजूला न्यावं, समुद्राच्या नाही. चराच्या पलीकडे अडकलेल्यांनी पाणी ओलांडून परत येऊ नये, किनाऱ्याने लांबून वळसा घालावा. पुढचे दोन-तीन दिवस मुखाजवळ समुद्रातही पोहू नये. रस्त्यांवरचं आणि गटारांतलं सगळं पाणी तिथेच उतरलेलं असतं.

अंगणात पाणी येत असलेल्यांसाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे नोंद. कुंपणाच्या एका खांबावर खूण करून दर तासाला वेळ दिसेल असा फोटो घ्यावा आणि त्याच वेळची मापकावरची पातळी शेजारी लिहावी. आपलं अंगण नेमक्या किती मीटरला भिजतं हा आकडा हाती आला की पातळी ठरवण्याच्या चर्चेत त्याला वजन येतं. ‘खूप पाणी येतं’ या वाक्याला येत नाही.

सरोवर फोडलंच गेलं असेल तर पुढचा आठवडा मोजमापाचा. प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, कारण रात्रभर वनस्पतींनीही तो वापरलेला असतो. दुपारचं माप फसवं निघतं. मुखाशी, मध्यावर आणि ओढा मिळतो तिथे, अशा तीन जागा ठरवायच्या. प्रत्येक ठिकाणी दोन मापं, एक पृष्ठभागाखाली हातभर आणि एक तळापासून २० सेंटिमीटर वर. प्राणवायू मोजणाऱ्या मीटरची सोंड तळाच्या चिखलात जाऊ द्यायची नाही, नाहीतर शून्य दाखवते आणि ते पाण्याचं नसतं. मेलेले मासे दिसले तर जातीनुसार आणि लांबीनुसार मोजायचे, पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि त्याच सकाळी मत्स्य विभागाला कळवायचं, कारण दुपारपर्यंत अर्धे पक्ष्यांनी नेलेले असतात.

मुख बंद झालं की त्या दिवशी बांधाच्या माथ्याची उंची घ्यायची, आणि मग दर पंधरवड्याला. सव्वा मीटरवरून बांध किती वर चढला हे त्या वहीत दिसत राहतं, आणि पुढचा पाऊस किती पातळीला वाहून जाईल तेही.